बाईजाला समुद्र दाखविण्याबाबत

या, पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनी खांब सोडावा. कीर्तनात झोपलेल्याला निदान पुण्य तरी लागतं. गोष्टीत झोपलेल्याच्या हाती तेही लागत नाही. एक गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, शाप फक्त एक आहे आणि तोही डॉक्टरने दिलेला. बाकी सगळं रीतसर आहे.

समुद्र हा सर्वांचा आहे. किनारे मात्र सोयऱ्याधायऱ्यांचे आहेत. हे सत्य शाळेच्या पुस्तकात देत नाहीत, त्यामुळे पुष्कळ कुटुंबं नकाशा उघडून किनारा शोधायला बसतात आणि फसतात. आमच्या वाडीपासून (शेणव्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत) सरळ दोरी धरली तर समुद्र सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर असावा. पण दोरी सरळ जाते, कारण दोरीला व्याही नसतात.

तर धाऊचं घर. धाऊची आई बाईजा. वय पंचाहत्तरच्या पुढं. आधार कार्डावर जन्म एक जानेवारीचा आहे, म्हणजे सरकारलाही नक्की माहीत नाही. गेल्या मार्गशीर्षात धाऊ तिला शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली आणि काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर गेलेली आहे, ती परत येणार नाही. मधली राहिली आहे, तीही चालली आहे. थेंब चालू ठेवा, म्हणाला, आणि आजींना काही बघायचं राहिलं असेल तर ते पावसाच्या आत दाखवून घ्या.

बाहेर बाकड्यावर बसून धाऊने आईला विचारलं, काय बघायचंय. तो मनात आळंदी धरून बसला होता, फार तर काशी. बाईजा म्हणाली, समिंदर.

का, तर आमच्या वाडीचा हरिनाम सप्ताह. चाळीस वर्षं ती पहिल्या रांगेत बसते आहे आणि चाळीस वर्षांत एकही बुवा असा आला नाही, ज्याने भवसागर सांगितला नाही. त्याच्या लाटा, त्यातल्या मगरी, पैलतीर, नाव, नावाडी. बाईजा धाऊला म्हणाली, "सगले बुवा मला सागर तरून न्यायला बसलेत. तो असतो कसा, एकदा बघू तरी दे. वर गेल्यावर कोनी इचारलं तर काय सांगू, टाल वाजवत होते म्हनून?"

मला यात आक्षेपार्ह काही दिसलं नाही. मी स्वतः टाळ धरतो आणि भवसागर आला की माझेही डोळे भरून येतात, पण तो किती खोल असतो हे मीही कधी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी आलेल्या बुवांना मी नम्रपणे विचारलं की महाराज, आपण समुद्र पाहिला आहे का. बुवा डोळखांबकडचे. ते म्हणाले, सांगायला अनुभवाची अट नाही. हे उत्तर मला फार आवडलं.

आता आमच्याकडची रीत अशी की एखादी गोष्ट करायची ठरली की ती लगेच करत नाहीत. तिला आधी ओट्यावर ठेवतात. धाऊच्या ओट्यावर समिती बसली. अध्यक्ष स्वतः धाऊ. तांत्रिक सदस्य त्याचा मुलगा हरेश (आसनगावला कंपनीत कामाला, तांत्रिक पात्रता: मोबाइलला रोजचे दोन जीबी). सोयरीक खातं धाऊची बायको देवकी हिच्याकडे. गेल्या तीस वर्षांत कोण कुणाच्या हळदीला आलं नाही हे तिला तारखेनिशी पाठ आहे. हरेशची बायको दामिनी, माहेर मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे. तिला बोलावलं होतं, मत नव्हतं. मी धाऊच्या भावकीतला आणि सप्ताहाची वही माझ्या अक्षरात असते, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. बाईजा हा विषय होता. विषयाला बैठकीला बसायची परवानगी होती, पण ती लांब बसून तांदूळ निवडत होती.

पहिल्या बैठकीत हरेशने एकोणीस किनारे वाचून दाखवले. प्रत्येकाला लोकांनी दिलेले तारे होते. एका किनाऱ्याला कुणीतरी एकच तारा दिला होता, कारण तिथं वाळू फार आहे. त्याच्या मते काशीद एक नंबर, मग केळवे, मग जुहू, टाइमपास म्हणून. धाऊ मान हलवत होता. एवढ्यात देवकीने जातं थांबवून विचारलं, वाटेत कोण कोण लागतं.

या क्षणी विषयाला त्याचं खरं रूप आलं. हरेशचा मोबाइल बाजूला पडला आणि पुढील नियम सर्वानुमते मंजूर झाले.

१) सोयऱ्याच्या गावावरून जाताना त्याच्या घरी चहा न पिता पुढं जाणं म्हणजे सोयरीक मोडणं. ('वाटेवरचं गाव' म्हणजे रस्त्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आतलं कुठलंही गाव.)

२) ज्यांच्या हळदीला आपण गेलो नाही, त्यांच्या दारात आपण तोंड दाखवू नये.

३) जे आपल्या हळदीला आले नाहीत, त्यांना आपण तोंड दाखवू नये. (लग्नाला नाही गेलं तर आमच्याकडे चालतं, अक्षता टाकायला तिथं गर्दी असतेच. हळदीला नाही गेलं तर ते नातवंडांना शिकवून ठेवतात.)

४) ज्या वाटेवर आपला एकही सोयरा नाही त्या वाटेने जाऊ नये, कारण गाडी बंद पडली तर पाणी कुणाच्या दारात मागायचं.

हे चारही नियम एकत्र वाचले तर कोकणचा किनारा आमच्या कुटुंबासाठी बंद होतो. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. नियम करताना ते येऊ नये अशीच वहिवाट आहे.

मग छाननी. अलिबाग, किहीम, काशीद यांची वाट सरळगावच्या नाक्यावरून. तिथं उजवीकडे वळलं की मुरबाड आणि पुढं समुद्र. डावीकडे वळलं की वैशाखरे आणि पुढं माळशेज घाट. देवकीचं म्हणणं पडलं की सुनेला घेऊन नाक्यावर उजवीकडे वळलो आणि तिच्या आईला ते कळलं, तर तिने काय समजायचं. म्हणजे अलिबागला जायचं तर आधी घाटाच्या दिशेने जायला हवं. तिथं दामिनीचे वडील देवजी कोंबडा कापणार. गावठी कोंबडा शिजेपर्यंत दुपार, आणि तो जेवल्यावर दीडशे किलोमीटर जायची कुणाची इच्छा राहत नाही. वैशाखऱ्यावरून समुद्र दिसतो का, असं हरेशने विचारलं. डोंगरावर चढलं तरी दिसत नाही, असं उत्तर मिळालं. रायगड जिल्हा, संपूर्ण: रद्द.

केळव्यापासून बोर्डीपर्यंत जायचं तर वाड्याच्या बाजूने. त्या बाजूला धाऊचा चुलतभाऊ राहतो, ज्याच्या मुलीच्या हळदीत धाऊला मांडवात दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. रद्द. मुंबईत आमची एकवीस घरं आहेत. एकाकडे गेलं तर वीस रुसतात आणि एकवीस घरी गेलं तर समुद्र लागतो तेव्हा रजा संपलेली असते. मुंबई: रद्द.

इतिवृत्ताच्या शेवटी 'इतर विषय' असतो. त्यात मी लिहिलं: आजीला गोठ्याच्या पत्र्यावरचा कावळा दिसेना. नोंद घेतली.

दुसरी बैठक माघात झाली. एवढा उशीर का, असं कुणी विचारेल. मधे सप्ताह होता, आणि समुद्र काही पळून जात नाही (अध्यक्षांचे शब्द). आता फक्त वसईच्या बाजूचे दोन किनारे उरले होते. त्या वाटेवर घरं चारच, आणि त्यातल्या तिघांशी आमचं बोलणं चालू होतं. वाशिंदला देवकीची बहीण ठकी. पडघ्याला धाऊची मुलगी अनिता. भिवंडीच्या पुढं धाऊचा मेव्हणा देवराम. चौथं घर कामणला भगीरथाचं. भगीरथ हा हरेशच्या बहिणीचा, म्हणजे अक्षदाचा सासरा. तो सात वर्षांपूर्वी हरेशच्या हळदीला आला नव्हता. तिथं नियम तीन लागू. कामण आलं की गाडीच्या काचा वर करायच्या, असं ठरलं.

राहिले दोन किनारे. कुठला घ्यायचा यावर एकमत होईना, तेव्हा अध्यक्षांनी गावदेवीला कौल लावायचा ठराव मांडला. आम्ही सगळे देवळात गेलो. नथू भगताने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ लावले: उजवा दाणा पडला तर पहिला किनारा, डावा पडला तर दुसरा. तासभर बसलो. दोन्ही दाणे जागचे हलले नाहीत. शेवटी नथूच उठला. म्हणाला, देवी कोपलेली नाय, पण तिची हद्द वढ्यापर्यंत; समिंदराचं तिला इचारू नका, तिथला देव येगला हाय.

देवीपुढं मी तिथंच हात जोडले. हद्दीबद्दल एवढी स्पष्टता मी कुठल्याही कचेरीत पाहिलेली नाही. तिथं आधी अर्ज घेतात, सहा महिने ठेवतात, आणि मग हद्द सांगतात. मग जो किनारा जवळ पडत होता तो घेतला. हे आम्हाला मार्गशीर्षातही करता आलं असतं, पण तेव्हा ते पोरकट दिसलं असतं.

इतर विषय: जेवताना आजीचा हात ताटाच्या बाहेर पडतो. ताट तिच्यासमोर मधोमध सरकवलं. नोंद घेतली.

तिसरी बैठक तारखेसाठी. वैशाखात आम्हाला चौदा हळदी होत्या. उरलेल्या दिवसांत हरेशची सुट्टी बसेना. जी बसत होती त्या दिवशी नेमकी एकादशी आली आणि ती बाद होणार, इतक्यात अध्यक्षांना अशी कल्पना सुचली की तिच्यासाठी त्यांना वेगळं आसन द्यायला हवं होतं. एकादशीलाच जाऊ, ते म्हणाले. एकादशीला कुठलाही सोयरा कोंबडा कापू शकत नाही. कोंबडा नाही म्हणजे जेवण नाही. जेवण नाही म्हणजे फक्त चहा, दहा मिनिटं. तीन घरं, अर्धा तास. आणि सोयऱ्यांना आधी कळवायचं नाही, कळवलं तर ते तयारी करतात.

हरेश तेवढा अडला. तो म्हणाला, "समुद्रावर जायाचं आनि मच्छी खायाची नाय, तर जायाचं कशाला?"

सहा महिन्यांच्या कामकाजात जायचं कशाला हा प्रश्न एवढ्या एकाच वेळी विचारला गेला. अध्यक्षांनी तो विषयाबाहेरचा ठरवला.

इतर विषय: दारातून कोण आलं हे आजी आता आवाज दिल्यावर ओळखते. नोंद घेतली.

एक गोष्ट मात्र एकाही बैठकीत निघाली नाही. ओहोटी. हा शब्द आम्हाला माहीत नव्हता असं नाही. तो कीर्तनात येतो, संपत्तीबद्दल: आज भरती, उद्या ओहोटी, गर्व करू नको. पाण्यालाच खरोखर असं काही होतं, आणि तेही रोज, हे जायला निघालेल्या अकरा माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पाणी आटतं ते होळीला आणि भरतं ते मृगाला. मधे ते आपली जागा सोडत नाही.

एकादशीला सकाळी सहा वाजता जीप निघाली. अकरा माणसं, बाईजा पुढं खिडकीपाशी. नऊवारी नवी, हातात थेंबांची बाटली. सात वाजता वाशिंद. ठकीमावशीने दारात पाणी ओवाळून टाकलं आणि आत गेली. कोंबडा तिने कापला नाही, आमचा अंदाज बरोबर होता. तिने साबुदाणा काढला. आम्ही कळवलं नव्हतं, म्हणून तो भिजलेला नव्हता. कोंबडा कापून, सोलून, शिजून सव्वा तासात पानात पडतो. साबुदाणा भिजायलाच दोन तास लागतात. थांबलो. मधल्या वेळात रताळी झाली.

पडघ्याला अनिताने वऱ्याचे तांदूळ टाकले आणि दाण्याची आमटी केली. वर बापाला विचारलं, मावशीकडं खिचडी खाल्ली आणि माझ्याकडं नुसता चहा का. देवरामाकडे पुन्हा खिचडी, शिवाय शेंगदाण्याचे लाडू, आणि ते संपेपर्यंत त्याने दाराला आतून कडी घातली (प्रेमाने). उपवास एवढा जड असतो हे मला त्या दिवशी कळलं. आमच्यात खरी एकादशी करणारी एकटी बाईजा. तिने तिन्ही घरी चहा घेतला आणि तिन्ही घरी एकच विचारलं, समिंदर अजून किती.

कामण आलं तेव्हा काचा वर केल्या. उन्हात, अकरा माणसं, काचा वर. बाईजाने कारण विचारलं. देवकीने सांगितलं, धूळ हाय.

पावणेचारला आम्ही किनाऱ्यावर उतरलो. समुद्र नव्हता.

जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत चिखल होता. काळा, चकचकीत, सपाट, मधे मधे पाण्याची डबकी आणि त्यांत बगळे. आम्ही अकरा जण बांधासारख्या दगडी धक्क्यावर रांगेने उभे राहिलो. धाऊने टोपी काढून पुन्हा घातली.

बाईजाची नजर तोवर फुंकणीएवढी उरली होती. फुंकणीतून चूल दिसावी तसं तिला समोरचं गोल तेवढं दिसायचं. तिने मान हळूहळू फिरवत सगळा चिखल पाहिला आणि म्हणाली, "चिखलनी चांगली झालीया. लावनीची मानसं कवा येनार?"

यावर धाऊला बोलायला विषय मिळाला. त्याने अंदाज बांधला की सात-आठशे एकर असेल, एकाच तुकड्यात, आणि मधे एक बांध नाही म्हणजे भावकी एक दिलाची दिसते. देवकीला राबाची, म्हणजे रोपं करायची, जागा कुठं दिसेना. दहा मिनिटं आम्ही समुद्राच्या तळावर भाताचं कुठलं बियाणं चालेल याची चर्चा केली, आणि सांगायला हरकत नाही, सहा महिन्यांतली ती सगळ्यात जाणकार चर्चा होती. मग हरेशने मोबाइल पाहून खुलासा केला: लो टाइड हाय, पानी आत गेलंय, साडेपाच-सहाला यायाचा टाइम दाखवतोय.

"म्हंजे आज बंद हाय," धाऊ म्हणाला.

इतिवृत्तात मी लिहिलं: समुद्र हजर नव्हता.

नेमका तेव्हा धाऊचा फोन वाजला. भगीरथ. सात वर्षांनी. देवरामाकडून त्याला सगळं कळलं होतं, काचांच्या ठरावासकट. तो भांडला नाही, ते जास्त वाईट. एवढंच म्हणाला की दारावरनं गेलास, बरं केलंस, अक्षदाला सांगतो की तुझा बाप काचा लावून गेला. आणि फोन ठेवला.

धाऊ खाली बसला. मुलगी ज्या घरात दिली ते घर. सात वर्षं अक्षदा माहेरी आली की गप्प गप्प असते, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. आता सासऱ्याने आपणहून फोन केला होता, आणि आत्ताच्या आत्ता दारात जाऊन उभं राहिलं तर सात वर्षं मिटत होती. उद्यावर टाकलं तर चौदा होणार होती. तो उठला आणि म्हणाला, चला, गाडीत बसा. सगळे बसले. बाईजा धक्क्यावरच होती. तिने पदर सारखा करून मांडी घातली.

"आये, चल. भगीरथ वाट बघतोय."

"तू जा ना. मी हितंच बसते."

"पानी नाय हितं. काय बघशील?"

"पानी गेलंय ना? मंग येल."

"अगो दोन तास हायत त्याला. सोयरा रागावलाय."

"भगीरथाचं घर काय पान्यासंगती मागं जातंय का?" बाईजा म्हणाली. "ते हाय तिथंच असेल. माझे डोले नसतील."

एवढं बोलून ती चिखलाकडे तोंड करून बसली. धाऊ तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग समितीने तिथंच तोडगा काढला: आठ जणांचं शिष्टमंडळ कामणला जाईल, विषयापाशी दामिनी आणि मी थांबू.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या तालुक्यात मोठाली धरणं आहेत. माणूस उभा राहील एवढ्या जाडीच्या नळांतून त्यांचं पाणी मुंबईला जातं. नळाला कान लावला तर ऐकूही येतं. आमच्या वाडीची विहीर होळीनंतर तळ दाखवते. मग बाया खाली उतरून झऱ्यापाशी बसतात. झरा वाटीभर देतो, थांबतो, पुन्हा वाटीभर देतो. हंडा भरायला दीड तास. साठ वर्षं बाईजा अशी बसली आहे. गेलेलं पाणी कधी येईल ते आधी न कळता तिथं नुसतं बसून राहणं, या कामात तिच्याएवढी अनुभवी व्यक्ती त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती. आम्हाला ते कळलं नाही, कारण अनुभव विचारणारा रकाना आमच्या नमुन्यात नव्हता.

पाच वाजून गेले. आधी दूरवर एक रेघ चमकली. मग ती रेघ जाड झाली. मग डबकी एकमेकांना जोडली गेली. पाणी चाललेलं दिसत नव्हतं. खाचरात पाणी सोडल्यावर ते जसं गुपचूप सरीसरीतून पुढं येतं तसं आलं, आणि मागून आवाज आला. दामिनीने तिला दंडाला धरून धक्क्याच्या पायऱ्या उतरवल्या. पहिली लाट घोट्याला लागली तेव्हा बाईजाने पाय मागं घेतला नाही. मला वाटलं आता भवसागराबद्दल काही बोलेल. मी वही काढून तयार होतो. तिने वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकली.

"खारं हाय," ती म्हणाली. "बरं झालं. गोडं असतं तर यालाबी नल लावला असता."

हे कुठल्या शीर्षकाखाली लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मग ती बघत राहिली. आम्हा डोळसांना समुद्र एकदम दिसतो, म्हणून आम्ही दोन मिनिटांत मोकळे होतो. तिला तो एकदम बघायची सोय नव्हती. ती फुंकणी डाव्या टोकाला लावायची आणि तसूतसूने उजवीकडे आणायची. एक होडी आली की थांबायची, होडी गोलातून निघून गेली की पुढं. उजव्या टोकाला पोचली की पुन्हा डावीकडून. दामिनी सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली. आज्जी, दिसतंय का, तिने विचारलं. बाईजा म्हणाली, "दिसतंय. पुरवून पुरवून बघते."

साडेसहाला शिष्टमंडळ परत आलं. सगळ्यांचे चेहरे फुललेले, हातात साबुदाण्याचे वडे. मिटलं होतं. भगीरथ स्वतः गाडीत होता. समुद्र त्याच्या घरापासून पाऊण तासावर, आणि बारा वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता, म्हणून सोबत आला होता. तो आणि धाऊ एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चालत होते. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. हरेश म्हणाला, लाइट मस्त हाय, फटाफट फोटो.

सगळ्यांना पाण्यात उभं केलं. समुद्राकडे पाठ, मोबाइलकडे तोंड, भगीरथ मधे. बाईजा टोकाला उभी होती, समुद्राकडे तोंड करून.

"आज्जी, हिकडं बघ."

बाईजा वळली नाही.

"आज्जी, अगो हिकडं. सगले थांबलेत."

"तुमाला रोज बघते," ती म्हणाली. "याला आज."

तीन फोटो काढले. तिन्हींत दहा माणसं हसताहेत आणि टोकाला एक पाठ. परतीच्या वाटेवर हरेशने ते तिन्ही पुसले, कारण फोटोत कुणी पाठ करून उभं असलं की ग्रुपवर टाकता येत नाही. ग्रुपवर भगीरथाच्या ओट्यावरचा फोटो गेला, वडे खातानाचा. त्याला एक्याण्णव अंगठे आले. अक्षदाने हृदय पाठवलं. तोच आता धाऊच्या घरी, देवाच्या शेजारी, काचेत लावला आहे. इतिवृत्ताचा शेवटचा ठराव असा: आजीला समुद्र दाखविण्यात आला. सहल सर्व दृष्टींनी यशस्वी. विषय बंद.

ही गोष्ट मी आजवर बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. ओट्यावर, दळणाच्या गिरणीत, एकदा सप्ताहात बुवा उशिरा आले तेव्हा सगळ्या मांडवाला. माणसं भली आहेत. हसतात, हळहळतात, एक-दोघी डोळ्यांना पदरही लावतात. आणि गोष्ट संपली की न चुकता विचारतात: किनारा कुठला होता, नाव काय, जायला किती लागतं, साडेपाचलाच पोचायचं ना, खायची सोय कशी आहे, येत्या सुट्टीत म्हणतोय पोरांना नेऊ.

बाईजाला आता किती दिसतं, हे मला एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही तोंड उघडलं होतंत ते किनाऱ्याचं नाव विचारायला. मी इथून बघत होतो. सांगतो नाव, पाठमोरे होण्याआधी सांगतो, लिहून घ्या हवं तर. फक्त तिथं गेलात, मोबाइल वर धरलात आणि सगळ्यांना हिकडं बघा म्हणालात, की एक क्षण बाईजाची आठवण काढा. ती आठवली तर बघा, तुमच्या रांगेत टोकाला कोण उभं आहे.